वामनअण्णानं सोडलेली जागा

कार्ड माझ्या आधी बंदरावर येऊन बसलं होतं. आम्ही बारा दिवस पाण्यावर होतो. परतल्यावर गोदीतल्या कारकुनानं पत्रांचा गठ्ठा हातात दिला, त्यात ते सर्वांत खाली. धारवाडचा शिक्का, अक्षर बाळबोध आणि अनोळखी. ‘काकांना साष्टांग नमस्कार. अप्पा सोमवारी सकाळी शाळेला निघताना कट्ट्यावर बसले आणि तिथंच गेले. आईनं तुम्हाला कळवायला सांगितलं आहे.’ वामनअण्णाच्या थोरल्या मुलाचं पत्र; त्याचे अप्पा म्हणजे वामनअण्णा. मी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि... खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. ‘सुटलो’ असं आलं. आता ते त्याला सांगावं लागणार नाही. दुःख मागाहून आलं, आणि आलं ते चांगलं घर करून बसलं. पण त्या पहिल्या विचाराची मला अजून लाज वाटते. जहाजावर ज्याला सगळे कप्तानसाहेब म्हणतात, त्यानं आपल्या भीतीबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहू नये, हे मला कळतं. पण वामनअण्णाबद्दल लिहायचं तर भीती वगळून काय लिहू? ती आम्हा दोघांची सामाईक मिळकत होती. मी माझा वाटा लपवला, त्यानं आपला चारचौघांत मिरवला, एवढाच फरक.

हुबळीत आमच्या दोन खोल्या त्याच्या घरामागे होत्या. त्याचे वडील कापसाचे अडते. सगळा बाजार त्यांनाही अप्पाच म्हणायचा. तीन पिढ्यांपूर्वी मिरजेकडून आलेलं घराणं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. माझे वडील मी चार वर्षांचा असताना गेले. माझ्या आईला गल्ली अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायचो. अप्पांनी तिला राहायला जागा दिली आणि मला वामनअण्णा दिला, असं ती सांगायची. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, लुकडा, लांब हातांचा आणि अखंड बडबड्या. शाळा सुटली की आम्ही अप्पांच्या वखारीत कापसाच्या गासड्या बांधायला जायचो. दोर आवळून गाठ मारायची, मग तिचं टोक एकदा उलटं फिरवून पुन्हा आत खुपसायचं. अशी गाठ वाटेत कुणी कितीही उचकटली तरी सुटत नाही, कापावीच लागते. ही त्या वखारीची खासियत होती, आणि मला ती वामनअण्णानंच शिकवली. सहा-सात वर्षं रोज तेच केल्यावर ती माझ्या डोक्यात उरली नव्हती, बोटांत उतरली होती.

आपला कापूस परक्यांच्या जहाजांतून जातो, मग आपल्या पोरांनी जहाजं का चालवू नयेत, असं वारं त्या दिवसांत होतं. कारवारच्या एका जहाजमालकाकडे तीन डोलकाठ्यांचं एक जुनं शिडाचं जहाज होतं. त्यावर शिकलेल्या पोरांना खलाशापासून कप्तानापर्यंत तयार करायचं, असं त्यानं आणि हुबळीच्या काही व्यापाऱ्यांनी ठरवलं. हुबळी-धारवाडकडची सहा पोरं निवडली. त्यांत अप्पांचा मुलगा असणार हे उघडच होतं, आणि तो जाणार म्हणून मी. समुद्र आमच्यापैकी एकानंही पाहिलेला नव्हता. म्हणून समुद्रावर नेण्याआधी चार महिने जमिनीवर शिकवायचं ठरलं, आणि उणकलच्या तळ्यापलीकडच्या काळ्या रानात एक खरीखुरी डोलकाठी उभी राहिली. तिला आडव्या काठ्या, दोरांच्या शिड्या, सगळं होतं; फक्त खाली जहाज नव्हतं. बाजाराला जाणारे शेतकरी तिला कुठल्यातरी नव्या देवळाचा गरुडकंब, देवासमोरचा खांब, समजून हात जोडायचे. एका सकाळी आम्ही गेलो तर बुंध्याला हळदकुंकू लागलेलं आणि समोर नारळ फोडलेला. वामनअण्णानं खोबरं सगळ्यांना वाटलं आणि म्हणाला, “खावा रे. वरनं पडलो तर देवळातच पडलो म्हणायचं.”

हसलो आम्ही, पण मी त्या काठीला फार भ्यायचो. आमचा गुरू पुरसू तांडेल. साठीचा, कारवारकडचा, आयुष्य शिडांखाली काढलेला. त्याची शिकवायची एक तऱ्हा होती. वर चढलेल्या पोरानं काय काय दिसतं ते मोठ्यानं ओरडून सांगत राहायचं. तळं दिसतंय, बैलगाडी दिसतेय, हुबळीचा धूर दिसतोय... सांगणं थांबलं की पोरगं भ्यालं, असं तो समजायचा आणि खाली उतरवायचा. नजर लांब राहिली की पाय कापत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. वामनअण्णाची वर गेल्यावर नुसती टकळी चालायची. न दिसणाऱ्या गोष्टीही तो सांगायचा. “धारवाडात आमची आत्या पापड वाळवालीय!” मी अर्ध्यावर पोचलो की माझा आवाजच जायचा. एकदा तसाच दोरशिडीला मिठी मारून राहिलो. खाली येता येईना, वर जाता येईना. तेव्हा तो खालून चढत माझ्या पाठीशी आला. माझ्या दोन्ही बाजूंनी हात टाकून त्यानं दोर धरला आणि कानाशी म्हणाला, “रघू, अंजब्याड. भ्यायचं नाही. तू गप्प ऱ्हा, तुझं मी ओरडतो.” आणि त्यानं माझ्या आवाजात ओरडायला सुरुवात केली. खाली पुरसू तांडेलाला ते कळलं नसेल असं मला आजही वाटत नाही. पण त्या दिवशी मला उतरवलं नाही.

गाठींचा धडा सुरू झाला तेव्हा आम्ही दोघांनी पहिल्याच दिवशी वखारीतली गाठ मारून दाखवली, मोठ्या ऐटीत. तांडेलानं ती पाण्यात बुडवली आणि म्हणाला, “सोड आता.” दोर फुगला होता. नखं तुटायची वेळ आली, गाठ हलेना. “ही कापसाला बरी. जहाजावर मारलीस तर ब्रह्मदेवाचा बापपण सोडवायचा नाही.” जहाजावर गाठ अशी हवी की खालून एक हिसका दिला की सुटली पाहिजे. ती आम्ही शिकलो. शेकडो वेळा मारली, डोळे मिटूनही मारली. मला वाटलं, जुनी गेली.

आणि हुकूम. दर आठवड्याला एकाची पाळी असायची. त्या दिवशी तो तांडेल, बाकीच्यांचा म्होरक्या. त्यानं ठरलेल्या जागी उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त सांगायचं. जागा सोडायची नाही, दोराला हात लावायचा नाही. सोपं वाटतं, पण आपल्या मित्राला त्या काठीवर पाठवायचं आणि आपण मातीत उभं राहायचं, हे वामनअण्णाला कधी जमलं नाही. “रघू, जरा वर जाऊन येतोस काय?” असा त्याचा हुकूम. पुरसू तांडेल कपाळावर हात मारून घ्यायचा. “हुकूम देतोस का मुलगी बघायला आलास?” दोनदा तर वरच्या पोराचा पाय घसरलासा वाटला म्हणून हा हुकूम टाकून स्वतःच वर धावला. मग तांडेलानं आपल्या पंच्यानं त्याचे हात खरोखर मागे बांधले आणि दिवसभर तसंच उभं केलं. संध्याकाळी पंचा सोडताना मी पाहिलं, त्याचे तळहात घामानं भिजले होते. जो वर गेल्यावर इतका बडबडायचा, तो त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

दसऱ्यानंतर आम्ही कारवारला निघालो. मोटारीच्या टपावर वळकट्या चढल्या, अक्कानं दशम्यांचं गाठोडं दिलं आणि सगळ्यांसमोर वामनअण्णाचा हात धरला. “वामन, हा तुझ्या हवाली बघ. वर-बिर पाठवू नको त्याला.” लोक हसले. जहाजावर चाललेल्या पोराला वर पाठवू नको म्हणते! वामनअण्णा मात्र हसला नाही. “नाही पाठवत की अक्का,” म्हणाला. मी शरमेनं मोटारीत जाऊन बसलो.

जहाजाबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण मला एका दुपारबद्दलच लिहायचं आहे. महिनाभर झाला होता. पाणी शांत होतं, बेटं मागे टाकून आम्ही मोकळ्या समुद्रात होतो, आणि त्या दिवशी हुकमाची पाळी वामनअण्णाची. सकाळी मला वर चढून शिडाचा कोपरा आडव्या काठीच्या टोकाला बांधायचा होता. खाली माती नव्हती, हिरवंकाळं पाणी होतं, आणि ते हलत होतं. काठीच्या टोकापर्यंत मी सरपटत गेलो. तिथं पोचल्यावर काय झालं ते मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की माझे डोळे मिटलेले होते आणि बोटं आपलं काम करत होती. खाली उतरलो, उलटी केली, आणि ‘बांधलं’ म्हणून सांगितलं.

तिसऱ्या प्रहरी वारं आलं. पश्चिमेकडून एक काळी रेघ दिसली, आणि ती काय आहे असं कुणीतरी विचारेपर्यंत पावसासकट अंगावर होती. जहाज एका कुशीवर कललं. वामनअण्णानं ओरडून शीड सोडायला सांगितलं. दोघांनी खालून दोराला हिसका दिला. सुटेना. चौघांनी दिला. सुटेना. शीड भरून ताठ झालेलं, जहाज आणखी कलतंय, एका बाजूची कड पाण्याला टेकली आणि फळ्यांवरून पाणी आत धावलं... त्याच क्षणी मला कळलं की माझ्या बोटांनी वर कुठली गाठ मारली आहे. आता कुणीतरी वर जाऊन ती कापायला हवी होती. डोलकाठीच्या सर्वांत जवळ मी. सुरी माझ्या कमरेला. हुकूम सरळ होता, दोन शब्दांचा. वामनअण्णानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे हात पाठीमागे होते. तोंड उघडलेलं होतं. मी त्याच्याकडे पाहत मान हलवली. नाही, म्हणून. माझी चड्डी ओली झाली होती, आणि ते समुद्राचं पाणी नव्हतं.

त्यानं तोंड मिटलं. जागा सोडली, धावत आला, माझ्या कमरेची सुरी ओढून घेतली आणि वर चढला. या खेपेला तो काही ओरडून सांगत नव्हता. मी खाली दोर धरून बसलो होतो आणि, देवाशपथ सांगतो, तो पडेल याच्यापेक्षा तो ती गाठ ओळखेल याची भीती मला जास्त वाटत होती. शीड फाडकन मोकळं झालं. कापलेला दोर पाण्यात गेला. जहाज हळूहळू सरळ झालं आणि तो खाली आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांची सालं निघालेली होती.

कप्तान कमी बोलणारा माणूस होता. त्यानं सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि विचारलं, “तो कोपरा कुणी बांधला होता?” मी तोंड उघडायला हवं होतं. उघडणार होतो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याआधी वामनअण्णा म्हणाला, “बांधलेलं तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही.” हे खोटं नव्हतं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. कप्तानानं त्याच्या हातांकडे पाहिलं. “तू वर असताना इथं हुकूम द्यायला कुणी नव्हतं. तू पडला असतास तर सगळे बुडालो असतो. ज्याला माणूस पाठवता येत नाही, त्याच्या ताब्यात मी जहाज देऊ शकत नाही.” आवाजात राग नव्हता, आणि आज त्याच्या जागी उभा राहणारा मी सांगतो, तो चुकीचंही बोलत नव्हता. चार दिवसांनी वामनअण्णाला कारवारला उतरवलं. होडीत बसताना त्यानं कापडानं बांधलेला हात वर केला. मी उलट हात वर केला की नाही, आठवत नाही.

हुबळीत बातमी बाजाराच्या भाषेत पोचली: वामन भ्याला, पळून आला. त्यानं ती खोडून काढली नाही. अप्पा वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. ठरत आलेली एक सोयरीक मोडली. बाजारातले हमालसुद्धा त्याला पाहून एकमेकांना कन्नडमधून डिवचायचे. शेवटी तो धारवाडला गेला, मळमड्डीत दोन खोल्या घेऊन शाळेत भूगोल शिकवू लागला, उशिरानं लग्न केलं, तीन मुलं झाली. मी पहिल्यांदा रजेवर आलो तेव्हा तो मला भेटायला हुबळीला आला होता. अक्कानं दोघांना जेवायला बसवलं आणि वाढता वाढता कौतुकानं म्हणाली, “बघ वामन, तू भ्यालास, पण माझा रघू टिकला.” तो म्हणाला, “होय की अक्का.” आणि भाकरी मागितली. मी ताटाकडे पाहत जेवत राहिलो. त्या जेवणाची चव मला अजून आठवते.

पुढं मी बढत्या मिळवल्या. हुकूम द्यायला शिकलो. लढाईच्या दिवसांत तर मी अशी माणसं अशा ठिकाणी पाठवली की त्यांतली दोन परत आली नाहीत. मी माझी जागा सोडली नाही. प्रत्येक वेळी हात पाठीमागे बांधलेले, आणि दर वेळी मला माझ्यासमोर मान हलवणारा सतरा वर्षांचा रघू दिसायचा. दोन-तीन वर्षांतून एकदा धारवाडला वामनअण्णाकडे जायचो, ते ठरवूनच जायचो की आज बोलायचं. पण मी जरा समुद्राकडे वळलो की तो दारातल्या पेरूच्या झाडाच्या गोष्टीवर घसरायचा, नाहीतर शाळेच्या इन्स्पेक्टरच्या नकला करायचा. मला वाटायचं, त्याची जखम आहे, नको म्हणतोय, राहू दे. भित्र्याला न बोलायला निमित्त पुरतं. गेल्या खेपेला तो मला स्टेशनवर पोचवायला आला होता. चढावर दम लागून दोनदा थांबला. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून म्हणालो, “अण्णा, मला एक सांगायचं होतं.” तो बरोबरीनं चार पावलं चालला आणि म्हणाला, “छत्री घेतलीस न्हवं?”

म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो. हुबळी-धारवाडात ज्यांनी ज्यांनी त्याला पळपुटा म्हटलं असेल, त्यांनी हे वाचावं. गाठ मी मारली होती. भ्यालो मी होतो. तो माझ्या जागी वर गेला.

हे छापायला देण्याआधी त्याच्या घरी सांगायला हवं होतं. मागच्या आठवड्यात गेलो. दुपारची वेळ होती, मुलं शाळेत गेली होती. वहिनी बाहेरच्या खोलीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी खुर्चीवर बसायचं टाळून जमिनीवरच बसलो आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं, चड्डी ओली झाल्याचंसुद्धा. वीस वर्षं जे जमलं नाही, त्याला पाव तासही लागला नाही. त्यांचे हात मध्येच थांबले, मग पुन्हा चालू लागले.

“गाठीचं ते कधी बोलले नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना का काढलं, मी पुष्कळदा विचारलं. हसून सोडायचे. पण भावजी, तुम्ही येणार असं पत्र आलं की दोन दिवस आधीपासनं आम्हाला बजावायचे. मला, पोरांना. काकाला जहाजाचं काही विचारायचं नाही म्हणून. का हो, म्हटलं मी एकदा. तर म्हणाले, भितो तो.”

कुठल्याही गावी गेलो तरी अनोळखी पोरं माझी बाही धरून मासे, वादळं, चाचे विचारतात. या घरातल्या तीन मुलांनी इतक्या वर्षांत मला समुद्राबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. मी समजत होतो, त्यांना मी आवडत नाही. मी तिथंच रडलो. वहिनींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि पाणी आणून ठेवलं.

पाचच्या सुमाराला मुलं आली. दप्तरं ठेवून, पाया पडून भिंतीला ओळीनं बसली. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “विचारा रे काकाला काय विचारायचं ते. आता चालतंय.” तिघं एकमेकांकडे पाहू लागली. धाकटी सहा वर्षांची. तिचे डोळे एकदम चमकले, ती गुडघ्यांवर उठली आणि तिनं तोंड उघडलं. थोरल्यानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

“नको,” तो हळूच म्हणाला. “अप्पांनी सांगितलंय.”